पिकेट स्ट्रीटवरची पायी गस्त

थर्मन गॅडिसचा डावा डोळा ज्या पोलिसानं फोडला, तो त्याला नावानं ओळखत होता.

एकाहत्तर सालचा ऑगस्ट होता आणि थर्मन वीस वर्षांचा काळा पोरगा. लोखंडाच्या ओतशाळेतली पाळी संपवून, डबा काखेत मारून तो पिकेट स्ट्रीटवरून घरी चालला होता. त्या काळी आमच्या वॉर्डेल शहरात पोलीस पायी फिरत. पिकेट स्ट्रीट गिलक्रिस्ट नावाच्या शिपायाकडे होती. धिप्पाड गडी. कुणाची आई अंथरुणाला खिळली, कुणाचा भाऊ तुरुंगातून सुटला, सगळं त्याला तोंडपाठ. फळवाल्याच्या पेटीतलं एक सफरचंद रोज त्याचं ठरलेलं.

त्या दिवशी समोरून दोन गोऱ्या बायका येत होत्या. गिलक्रिस्ट म्हणाला, "थर्मन, खाली उतर. बायकांना वाट दे."

"वाट आहे की त्यांना."

"मी काय सांगितलं?"

"ऐकलं मी. फुटपाथ रुंद आहे."

पहिला दंडुका गुडघ्यावर बसला. थर्मन वाकला तेव्हा दुसरा तोंडावर आला. मग किती आले ते त्यानं मोजले नाहीत. प्रत्येक फटक्याला गिलक्रिस्ट शांतपणे म्हणत होता, "सांगितलं होतं ना थर्मन? थर्मन, सांगितलं होतं ना?" जसं मास्तरानं वर्गातल्या लाडक्या पोराला बदडावं.

मी तेव्हा या देशातसुद्धा नव्हतो. पिकेट स्ट्रीटवर किराणा मालाचं दुकान घेतलं ते पुढं बऱ्याच वर्षांनी, आणि शेजारी थर्मनचं सलून निघालं. ही हकीकत त्याच्याच तोंडून तुकड्यातुकड्यानं ऐकली, बहुतेक वेळा माझ्या गालाला साबण लावलेला असताना. "सॅब," तो सांगायचा, कारण सबनीस हे नाव त्याच्या जिभेवर कधी ठरलंच नाही, "डोळा फुटतो तेव्हा लगेच दुखत नाही. गरम वाटतं. गालावर कुणी सूप सांडल्यासारखं."

त्याची आई ठाण्यात गेली. टेबलामागच्या माणसानं तिला सांगितलं की पोरगं पायरीवरून पडलं. भट्टीजवळ एकडोळ्या माणसाला ठेवत नाहीत म्हणून ओतशाळेतली नोकरी गेली. मामाकडे तो केस कापायला शिकला. सुरुवातीला लोक बिचकत. एकजण खुर्चीत बसता बसता म्हणाला, "एका डोळ्यानं कापणार, मग पैसेही अर्धेच."

"चालेल," थर्मन म्हणाला, "अर्धंच डोकं करतो."

तो माणूस पुढं मरेपर्यंत त्याच्याकडेच येत होता.

लग्न झालं, मुलगी झाली, बायको लवकर गेली. मुलगी व्हर्निटा त्यानं एकट्यानं वाढवली. ती शाळेत शिकवायला लागली, आणि पोलिसांनी मारलेल्या माणसांची प्रकरणं धसास लावणाऱ्या एका संघटनेत गेली. कशामुळं गेली हे सांगायला नको. बापाचा काचेचा डोळा रात्री पाण्याच्या पेल्यात पडलेला बघत ती लहानाची मोठी झाली होती.

मधल्या काळात ओतशाळा बंद पडली. पोलीस गाड्यांत बसले ते परत उतरलेच नाहीत. कोपऱ्याकोपऱ्यावर नशेच्या पुड्या विकणारी टोळकी उभी राहू लागली. मग त्या कोपऱ्यांसाठी मारामाऱ्या, मग गोळ्या. माझ्या दुकानात तीनदा पिस्तूल रोखलं गेलं. एकदा पिस्तुलाचा दस्ता कानशिलावर बसला, तो कान अजून नीट ऐकत नाही. कुणी मेलं की त्याच्या आठवणीला दिव्याच्या खांबाला फुगे आणि खेळण्यातली अस्वलं बांधायची, दोन पावसांत ती कुजायची, आणि काढायला कुणी धजायचं नाही.

लेनर्ड टब्ज गेला ती दुपार मला जशीच्या तशी आठवते. लेनर्ड निवृत्त बसचालक. केस उरले नव्हते, तरी रोज सलूनमध्ये यायचा आणि खिडकीशी बसून थर्मनबरोबर चेकर्सच्या सोंगट्या खेळायचा. हरला की म्हणायचा, "आंधळ्याला जिंकू द्यावं लागतं, पुण्य मिळतं."

गाडी रस्त्यावरून सावकाश गेली. टोळक्यातली पोरं समोरच्या कोपऱ्यावर होती, गोळ्या त्यांच्यासाठी होत्या, पण गाडीतून झाडणाऱ्याचा नेम तो काय असणार. सलूनची काच खाली आली. मी धावत गेलो तेव्हा लेनर्ड जमिनीवर होता. गोळी गळ्याच्या बाजूनं गेली होती. थर्मननं त्याचं डोकं मांडीवर घेऊन टॉवेल दाबला होता. टॉवेल भिजला की दुसरा. रक्त येत होतं ते धारेनं नाही, उसळ्या मारत. लेनर्ड काहीतरी बोलत होता, पण आवाजाच्या जागी बुडबुडे येत होते. गरम पाण्याच्या पेटीतले सगळे टॉवेल संपले, आणि त्याच सुमाराला लेनर्डही.

पोलिसांची गाडी आली ती दाराशी येऊन थांबली. आतल्या माणसानं काच थोडी खाली केली आणि मला विचारलं, "काय झालं इथं?" दुसरी गाडी येईपर्यंत तो उतरला नाही.

त्यानंतर नगरसेविका अल्मा रुकर हिनं ठराव मांडला. आमच्या भागात पूर्वीसारखी पायी गस्त सुरू करायची, त्यासाठी परिषदेनं वेगळा निधी काढायचा. अल्मा आमच्याच आळीत वाढलेली, लेनर्डच्या बसनं शाळेत जायची. ती सलूनमध्ये आली, फळी मारलेल्या खिडकीकडे बघत म्हणाली, "थर्मन, सभेत तू बोललास तर ऐकतील. लेनर्ड तुझ्या हातात गेला."

थर्मन वस्तरा पट्ट्यावर घासत राहिला. "आणि माझा डोळा कुणाच्या हातून गेला, तेही सांगू?"

"ते तुझं तू ठरव."

त्या दिवशी विषय तिथंच राहिला. पण सभेच्या दिवशी संध्याकाळी कोट घालून माझ्या दारात उभा राहिला. "चल सॅब. गाडी काढ."

परिषदेचं सभागृह गच्च भरलं होतं. डेल हॅसकॅम्प हा टेकडीकडच्या श्रीमंत भागाचा नगरसेवक, तो ठरावाच्या विरोधात होता. "रस्त्यात खड्डे आहेत, अग्निशामक दलाच्या गाड्या म्हाताऱ्या झाल्यात," तो म्हणाला. "माणसं रस्त्यावर फिरवून गुन्हे कमी होतात, याला पुरावा काय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पुरावे स्मशानात पुरलेत. कुदळ घेऊन ये."

अल्मा म्हणाली, "डेल, तुझ्या टेकडीवर कुत्रं भुंकलं तरी गाडी येते. आमच्याकडे माणूस मेला तरी काच अर्धीच खाली होते."

मग लोकांना बोलायची पाळी आली. व्हर्निटा पुढं गेली. ती बोलणार आहे हे थर्मनला ठाऊक होतं. काय बोलणार ते नव्हतं.

"गस्त हवी म्हणणारे सांगतात की चालणारा पोलीस आपल्याला नावानं ओळखेल," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना पोलीस नावानं ओळखत होता. आजीची तब्येत रोज विचारायचा. त्यानं नाव घेऊन मारलं. नाव घेऊन डोळा फोडला. ते बसलेत तिथं, बघा त्यांच्याकडे. आणि तुम्ही आमच्याच करातून दंडुका विकत आणून आमच्याच दारात उभा करणार."

सगळं सभागृह थर्मनकडे वळलं. तो समोर बघत राहिला. 

तेवढ्यात लेनर्डचा नातू टॅव्हन उठला. बावीस वर्षांचा, आजोबांनीच वाढवलेला. "तुझ्या बापाचा डोळा गेला," तो ओरडला, "माझा आजा गेला. डोळ्याची किंमत जास्त का?" व्हर्निटाच्या संघटनेतला एक दाढीवाला त्याला खाली बसवायला गेला. टॅव्हननं त्याची कॉलर धरली आणि कपाळ त्याच्या नाकावर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज चार रांगा मागं ऐकू आला. मग खुर्च्या उलटल्या. एका बाईच्या डोक्यात फलकाची काठी बसली. दाढीवाल्याचे मित्र टॅव्हनला लाथा घालत होते, आणि दाराशी उभे असलेले पोलीस आधी कुणाला धरावं याचा विचार करत होते. गर्दीतून वाट काढत थर्मन गेला आणि टॅव्हनच्या मानगुटीला धरून त्याला बाहेर काढलं. "घरी जा," तो म्हणाला. "तुझ्या आज्याला एवढ्यात सोबत नको."

सभा परत सुरू झाली तेव्हा फरशीवरचं रक्त कुणी पुसलं नव्हतं. त्यातच उभा राहून थर्मन बोलला.

"माझ्या मुलीनं सांगितलं ते खरं आहे. मला विचारून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला पोलीस आवडत नाहीत. आजही मागून बुटांचा आवाज आला की माझी मान आखडते. पण लेनर्ड माझ्या मांडीवर गेला आणि तुमचा माणूस काचेमागून विचारत होता. मला चालणारा माणूस हवा. पण बिनसाखळीचा कुत्रा नको. त्यानं हात उचलला तर तक्रार ठाण्यात जाणार नाही. इथं यायची, तुमच्यापुढं, चारचौघांत. हे ठरावात लिहा."

हॅसकॅम्प म्हणाला, "मिस्टर गॅडिस, तुम्ही पोलिसांना कुत्रा म्हणताय."

"नाही साहेब. कुत्रा ओळखीच्या माणसाला चावत नाही."

ठराव एका मतानं मंजूर झाला. पण ते एक मत मिळवण्यासाठी तक्रारीचं कलम काढून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी अल्मा सलूनमध्ये आली, दारातच उभी राहिली. "नाहीतर काहीच मिळालं नसतं," ती म्हणाली.

"साखळी विकून कुत्रा आणलास, अल्मा."

व्हर्निटानं बापाशी बोलणं सोडलं. रविवारी जेवायला यायची ती बंद झाली.

गस्त सुरू झाली. ब्रेंडन स्लोव्हिक हा तरुण शिपाई आणि त्याच्याबरोबर पॅगेट नावाची चाळिशीची बाई, दोघं पिकेट स्ट्रीट पायाखाली घालू लागले. खोटं कशाला बोलू, फरक पडला. कोपऱ्यावरची टोळकी आधी आत सरकली, मग दुसऱ्या आळीला गेली. म्हाताऱ्या बायका ओसरीवर बसू लागल्या. स्लोव्हिक हसरा होता, माझ्याकडून कॉफी घ्यायचा, कपात दूध किती ते मला पाठ झालं. केस थर्मनकडेच कापायचा. थर्मन त्याचे केस इतरांसारखेच कापायचा, त्याच हातानं, तेवढ्याच पैशात. गप्पा मात्र मारायचा नाही.

उन्हाळ्यातली एक दुपार. मी खुर्चीत होतो, अर्धी दाढी झालेली, वस्तरा गळ्यापाशी. दार धाडकन उघडलं आणि टॅव्हन आत घुसला. मागोमाग स्लोव्हिक. टॅव्हन मागच्या दाराकडे धावला, पण ते बंद होतं. वळेपर्यंत स्लोव्हिकचा पोलादी दंडुका त्याच्या कोपरावर बसला. दुसरा कानावर. टॅव्हन आरशावर आदळला, आरसा तडकला आणि त्याच्यासकट खाली आला. तो पालथा पडला, दोन्ही हात पसरून. "झालं, झालं," म्हणत होता. स्लोव्हिक मारत राहिला. पाठीवर, बरगड्यांवर, परत डोक्यावर. दंडुका वर जाई तेव्हा रक्ताचे थेंब छताला लागत होते. एक दात माझ्या बुटापाशी घरंगळत आला. लेनर्ड जिथं गेला, ती जागा टॅव्हनच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होती.

"स्लोव्हिक, बस," थर्मन म्हणाला. "पडलाय तो." मग, "ब्रेंडन. ब्रेंडन, ऐक."

ब्रेंडन ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. त्याचा चेहरा लाल नव्हता, पांढरा पडला होता.

थर्मनच्या हातात उघडा वस्तरा होता आणि त्याच्यासमोर स्लोव्हिकची वाकलेली मान. ती मान त्यानंच त्या आठवड्यात साफ केली होती. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याचा एक डोळा त्या मानेवर होता. काचेचा दुसरा कुठंच बघत नव्हता. मला वाटलं, आता हा कापणार. ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडावं तेच मला ठाऊक नव्हतं.

त्यानं वस्तरा बेसिनमध्ये टाकला आणि टॅव्हनच्या अंगावर आडवा पडला.

पुढचे दोन फटके थर्मनच्या उजव्या मनगटावर बसले. हाड कातडी फाडून बाहेर आलं. तेव्हा पॅगेट पोचली. तिनं स्लोव्हिकला पट्ट्याला धरून मागं खेचलं, भिंतीवर दाबला, आणि दुसरा हात स्वतःच्या पिस्तुलावर ठेवून म्हणाली, "टाक तो. शपथेवर सांगते, टाक."

दंडुका खाली पडला. मग टॅव्हनला उताणा केला, तेव्हा त्याच्या पोटाशी कमरेत खोचलेलं पिस्तूल सापडलं, भरलेलं. आजोबाला मारणाऱ्या गाडीत कोण होतं ते त्याला कळलं होतं, आणि तो तिकडेच निघाला होता. पिस्तुलाचा फुगवटा बघून स्लोव्हिकनं त्याला हटकलं होतं. म्हणजे पाठलाग चुकीचा नव्हता. पालथ्या पडलेल्या माणसाला मारत राहणं, ते वेगळं.

दवाखान्यात मी थर्मनपाशी बसलो होतो तेव्हा व्हर्निटा आली. कितीतरी महिन्यांनी दोघं एका खोलीत होती. प्लॅस्टरमधल्या हाताकडे बघत ती उभी राहिली.

"बोल," थर्मन म्हणाला. "सांगितलं होतं म्हण."

"मी काही म्हणत नाही, डॅडी."

"वस्तरा होता हातात, व्हर्नी. त्याची मान अशी समोर होती."

"मग टाकला का?"

थर्मननं प्लॅस्टरमधला हात जरा वर घेतला. "ठाऊक नाही. अजून विचार करतोय."

ती खुर्ची ओढून बसली आणि त्याच्या ताटातलं जेलीचं भांडं उघडून त्याला चमच्यानं भरवू लागली. त्याला जेली आवडत नसे, पण त्यानं खाल्ली.

ठाण्यानं चौकशी केली. पिस्तूल सापडल्यामुळं कारवाई नियमात बसते, असा निष्कर्ष आला. स्लोव्हिकला परत गाडीवर पाठवलं, एवढंच. टॅव्हनला पिस्तुलाबद्दल तुरुंग झाला. आत असतानाही त्याच्या उजव्या कानातून पाणी यायचं असं तो सांगतो. थर्मनचं मनगट वाकडं जुळलं. कात्री धरली की बोटं थरथरायची. वस्तऱ्याचं तर नावच नको. सलून त्यानं एका भाच्याला दिलं.

पानगळीत गस्तीचा निधी परत परिषदेपुढं आला. आता सगळ्यांनाच थर्मन हवा होता. हॅसकॅम्पचा माणूस घरी येऊन गेला. म्हणाला, तुमचा हात दाखवा, गस्त तिथंच संपते. व्हर्निटाच्या संघटनेलाही तेच हवं होतं. अल्मा आली ती खाली मान घालून. थर्मननं कुणालाच शब्द दिला नाही.

सभेला व्हर्निटाच त्याला गाडीतून घेऊन आली. आधी तो उठला. वाकडा हात त्यानं खिशातच ठेवला होता.

"गस्त चालू ठेवा," तो म्हणाला. सभागृहात कुजबुज झाली, व्हर्निटाच्या मागं बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "या वर्षात आमच्या आळीत कुणी गोळीनं मेलं नाही. पण मागच्या वेळी मी एक गोष्ट मागितली होती, ती तुम्ही विकलीत. तिची किंमत कुणी दिली ते तुम्हाला माहीत आहे. या वेळी विकायची नाही. पॅगेटबाई ठेवा. तिच्याबरोबर कोण चालणार ते आम्हाला आधी सांगा. आणि हात उचलला की इथं, या टेबलापुढं, उघड्यावर. नसेल जमत तर गस्तही नको."

हॅसकॅम्पनं विचारलं, "तुमच्यावर एवढं गुदरलं, तरी तुम्ही पोलीस मागताय?"

"तुम्ही टेकडीवर राहता," थर्मन म्हणाला. "तुम्हाला मागावे लागत नाहीत."

मग व्हर्निटाचं नाव पुकारलं. ती उठली आणि गस्तीच्या विरोधात बोलली. स्पष्ट, एक शब्द कमी न करता. गेल्या सालापेक्षा जास्त कडक. फक्त या वेळी बोलण्याआधी वळून तिनं बापाकडे बघितलं होतं, आणि त्यानं मान हलवली होती. बोलून झाल्यावर ती त्याच्या शेजारी येऊन बसली. बघणाऱ्यांना वाटलं असेल ही बापलेक भांडून आली आहेत. भांडलेलीच होती.

या वेळी कलम राहिलं. अल्मानं ते काढू दिलं नाही, दोन मतं गमवायची तयारी ठेवून बसली होती. शेवटी एकच गमावलं, विरोधातलं एक मिळालं, आणि ठराव टिकला. पुढं त्या टेबलापुढं दोन तक्रारी आल्या. एकीत शिपायाला घरी बसवलं, दुसरी खोटी निघाली. गोळीबार पूर्ण थांबला असं म्हणता येणार नाही. पुढच्याच वसंतात शाळेमागं एकजण मेला, पॅगेट धावत पोचली तरी मेला. तिच्या गणवेशाचा पुढचा भाग लाल झालेला मी पाहिला. माझ्या दुकानातल्या नळाखाली ती हात धूत होती आणि पाणी बराच वेळ स्वच्छ होत नव्हतं.

थर्मन अजून सलूनमध्ये येऊन खिडकीशी बसतो. पॅगेट रोज दारावरून जाते, "मिस्टर गॅडिस," म्हणते. तो मान हलवतो. हात त्यानं एकदाही मिळवला नाही. मी एकदा विचारलं, अरे, तुझ्यासाठी तिनं स्वतःच्या माणसाला भिंतीला लावलं, तिच्याशी दोन शब्द बोलायला काय जातं.

"काम चांगलं करते," तो म्हणाला. "त्याबद्दल सभेत चारचौघांत बोललो. आणखी काय हवं?"

पानगळीतल्या त्या सभेच्या संध्याकाळी, मतदान झाल्यावर, व्हर्निटा आम्हा दोघांना घेऊन तळलेल्या माशांच्या दुकानात गेली. थर्मनला डाव्या हातानं काटे काढता येत नव्हते. ती त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढत होती आणि तोंडानं त्याच्याशी वाद घालत होती, की त्याचं कलम कागदावरच राहणार, की पोलीस पोलिसाला कधी बुडवत नाही. तो मधेमधे म्हणत होता, "असेल," "बघू," "तू म्हणतेस तसंही होईल." मासा संपला तेव्हा तिनं आणखी एक मागवला आणि वाद पुढं चालू ठेवला.